सौरवादळे आणि लांब तारा : कुलाबा ते क्युबेक

पाठाची ओळख

विद्युत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला मी ट्रान्सफॉर्मर शिकवतो. गाभ्याची संपृक्तता हा भाग संपवताना १९८९ साली कॅनडात घडलेल्या एका घटनेचा उल्लेख करतो, आणि दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "सर, सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर. तिथे काही झाले म्हणून इथला ट्रान्सफॉर्मर कसा काय तापेल?"

प्रश्न रास्त आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तो पडला होता आणि त्यांपैकी काहींनी "असे होऊच शकत नाही" असे उत्तर दिले होते. म्हणून या पाठात सूत्रांपेक्षा इतिहासावर भर दिला आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवून वाचा. पहिली : सूर्याची वादळे फार जुनी आहेत, त्यांच्यामुळे होणारे नुकसान मात्र नवे आहे. माणसाने लांब तारा टाकल्या, मग उपग्रह सोडले, आणि प्रत्येक वेळी वादळाने त्या नव्या वस्तूची परीक्षा घेतली. दुसरी : अशी वादळे किती मोठी होऊ शकतात हे ठरवताना आज जगभर ज्या नोंदी आधाराला घेतल्या जातात, त्यांतली एक फार महत्त्वाची नोंद मुंबईत हाताने लिहिलेली आहे.

पूर्वतयारी म्हणून फॅरडेचा नियम आणि ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक माहिती पुरेशी आहे.

१. सूर्याकडून काय काय येते?

सूर्यावरील डाग म्हणजे तीव्र चुंबकीय क्षेत्राचे प्रदेश. तिथली क्षेत्ररेषांची गुंतागुंत एकाएकी सुटली, की साठलेली ऊर्जा मोकळी होते. तिचे तीन हप्ते पृथ्वीवर पोचतात.

पहिला हप्ता प्रकाशाचा. सौरज्वालेतील क्ष-किरण व अतिनील किरण सुमारे आठ मिनिटांत येतात आणि पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूचे आयनांबर अस्वस्थ करतात. लघुलहरी रेडिओ संपर्क तुटतो तो यामुळे. दुसरा हप्ता अतिवेगवान कणांचा, मुख्यतः प्रोटॉनांचा. ते काही मिनिटांपासून काही तासांत पोचतात आणि अवकाशयानांना व अंतराळवीरांना त्रास देतात. तिसरा हप्ता सर्वांत जड : चुंबकीय क्षेत्र सोबत घेऊन निघालेला प्लाझ्माचा प्रचंड ढग, ज्याला सीएमई म्हणतात. त्याला यायला साधारण एक ते तीन दिवस लागतात.

या ढगातील चुंबकीय क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे असेल, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट, तर दोन्ही क्षेत्रांच्या रेषा एकमेकींत जोडल्या जातात आणि ऊर्जेला आत येण्याचा रस्ता मिळतो. पृथ्वीभोवती आणि ध्रुवप्रदेशांच्या वर लाखो अँपिअरचे प्रवाह वाहू लागतात. जमिनीवरचे चुंबकीय क्षेत्र हेलकावे खाऊ लागते. यालाच भूचुंबकीय वादळ म्हणतात. उत्तरेकडच्या आकाशातले रंगीत पडदे, म्हणजे ध्रुवीय प्रकाश किंवा अरोरा, हे त्याच वादळाचे डोळ्यांना दिसणारे रूप.

हे सगळे आज एका परिच्छेदात सांगता येते. ते कळायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

२. १ सप्टेंबर १८५९

डेसाऊ या जर्मन गावातील औषधविक्रेते हाइनरिख श्वाबे यांनी १८२६ पासून सतरा वर्षे रोज सूर्यावरचे डाग मोजले. खरे तर ते बुधाच्या कक्षेच्या आतला एखादा ग्रह शोधत होते. ग्रह सापडला नाही, पण डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या चक्रात कमीजास्त होते हे १८४३ मध्ये त्यांनी जाहीर केले. पुढे रुडॉल्फ वोल्फ यांनी हा काळ सरासरी अकरा वर्षांचा ठरवला. १८५२ मध्ये एडवर्ड सॅबाइन यांनी दाखवून दिले, की चुंबकसूचीची अस्वस्थताही याच चक्राप्रमाणे कमीजास्त होते. दोन गोष्टी सोबत चालतात एवढे कळले. का चालतात, ते कळले नव्हते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमधील रेडहिल येथे रिचर्ड कॅरिंग्टन दुर्बिणीतून पडद्यावर पडलेल्या सूर्यप्रतिमेवरून डागांचे चित्र काढत होते. ग्रिनिच वेळेनुसार ११ वाजून १८ मिनिटांनी डागांच्या एका मोठ्या समूहावर दोन ठिकाणी लखलखीत पांढरा प्रकाश उमटला आणि सुमारे पाच मिनिटांत नाहीसा झाला. लंडनजवळ रिचर्ड हॉजसन यांनीही तोच प्रकाश स्वतंत्रपणे पाहिला. त्याच वेळी क्यू वेधशाळेतील चुंबकमापकाच्या रेषेत एक छोटासा धक्का नोंदला गेला.

सुमारे साडेसतरा तासांनी मोठे वादळ आले. आता हा आकडा वहीत मांडून पाहा : पंधरा कोटी किलोमीटर भागिले साडेसतरा तास. वेग येतो सेकंदाला सुमारे २,४०० किलोमीटर.

त्या रात्री क्युबा, हवाई अशा उष्ण कटिबंधातल्या प्रदेशांतूनही अरोरा दिसला. अमेरिका आणि युरोपातील तार कचेऱ्यांत गोंधळ उडाला. यंत्रांतून ठिणग्या उडाल्या, काही तारबाबूंना विजेचे धक्के बसले. बोस्टन आणि पोर्टलंडच्या तारबाबूंनी तर बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि केवळ वादळामुळे तारेत वाहणाऱ्या प्रवाहावर सुमारे दोन तास संदेश पाठवले.

इथे थोडे थांबा. माणसाने जमिनीवर शेकडो किलोमीटर लांबीचे, दोन्ही टोकांना जमिनीशी जोडलेले धातूचे वाहक टाकले, त्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. त्याआधी अशी वादळे आली नसतील का? नक्कीच आली असतील. पण लोकांनी आकाश लाल झालेले पाहिले असेल, आणि तेवढ्यावर गोष्ट संपली असेल. तार नव्हती, म्हणून तारेत काय घडते हा प्रश्नच नव्हता.

३. कुलाब्याची वही

मुंबईची कुलाबा वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. जहाजांना अचूक वेळ देणे आणि खगोलीय वेध घेणे हे तिचे मूळ काम. जगभर चुंबकीय वेधशाळांचे जाळे उभारण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा १८४१ पासून इथेही चुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. एल्फिन्स्टनचे प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांच्याकडे ते काम होते. "दर्पण"कार बाळशास्त्री जांभेकर यांचाही या वेधशाळेशी संबंध होता, आणि पुढे गणिती म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी इथेच नोकरी केली.

१८५९ मध्ये कुलाब्याला फोटोग्राफीच्या कागदावर आपोआप रेषा काढणारी यंत्रे नव्हती. निरीक्षक दुर्बिणीतून पट्टीवरचा आकडा वाचत आणि वहीत लिहीत. एरवी दर तासाला. सूची अस्वस्थ झाली, की दर पाच ते पंधरा मिनिटांनी. रात्रंदिवस, पावसाळ्यात, सणासुदीलासुद्धा.

२ सप्टेंबरला वादळ आले तेव्हा मुंबईत सकाळ होती. आकाशात दिसण्यासारखे काहीच नव्हते. पण दुपार होण्याआधीच आडव्या चुंबकीय क्षेत्राचे वाचन सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली घसरले. मुंबईला हे क्षेत्र सुमारे ३७ ते ३८ हजार नॅनोटेस्ला असते. म्हणजे घसरण सुमारे चार टक्क्यांची झाली. चार टक्के ऐकायला कमी वाटतात. तुलनेसाठी सांगायचे, तर आज १०० नॅनोटेस्लाच्या घसरणीलाच तीव्र वादळ म्हणतात.

युरोपातील काही स्वयंचलित यंत्रांची रेषा त्या दिवशी कागदाबाहेर गेली, त्यामुळे शिखर किती होते हे त्यांच्यावरून कळत नाही. कुलाब्याचे निरीक्षक मात्र वाचत राहिले आणि लिहीत राहिले. आकडे वेधशाळेच्या वार्षिक ग्रंथात छापले गेले आणि तिथेच पडून राहिले. २००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लखिना व सोबना अलेक्स यांनी या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा कमी अक्षांशावरून मोजलेले कॅरिंग्टन वादळ जगासमोर आले. ही घसरण नेमकी कोणत्या प्रवाहांमुळे झाली आणि तिची तासाची सरासरी किती धरावी, यावर अभ्यासकांत आजही चर्चा आहे. सरासरी घेतली की आकडा बराच कमी होतो. पण चर्चा करायला आकडा आहे, तो या वहीमुळे.

मी विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगतो. प्रयोगशाळेत एखादे वाचन आलेखाच्या रेषेपासून फार दूर पडले, की ते खोडून "बसेल असे" लिहिण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्या सकाळी कुलाब्याच्या निरीक्षकाला पट्टीवर जे दिसले, ते त्याच्या आधीच्या कुठल्याच अनुभवात बसणारे नव्हते. ते त्याने खोडले असते, तर १४४ वर्षांनी कोणाच्या हाती काही लागले नसते.

४. समुद्राखालची तार आणि रस्त्यावरची ट्राम

१८७० मध्ये सुएझ–एडन–मुंबई ही समुद्राखालची तार सुरू झाली आणि मुंबई लंडनशी जोडली गेली. दोनच वर्षांत तिची परीक्षा झाली. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री फार मोठे वादळ आले. मुंबई आणि एडन यांमधील तार काही तास विस्कळीत झाली. या वेळी मुंबईत रात्र होती, आणि मुंबईतून अरोरा दिसल्याचे वृत्त त्या वेळच्या वर्तमानपत्रात आले. सुमारे १९ अंश अक्षांशावरच्या शहरासाठी ही विलक्षण घटना होती. १८५९ मध्ये फक्त सूची हलली. १८७२ मध्ये तार, सूची आणि आकाश तिन्ही बोलले.

त्यानंतर तारांनी वेधशाळेलाच अडचणीत आणले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेवर चालणारी ट्राम आणायचे ठरले. ट्रामचा एकदिश प्रवाह रुळांतून परत जातो आणि त्यातला काही जमिनीत गळतो. त्यामुळे आसपासचे चुंबकीय क्षेत्र बिघडते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांनी मग अलिबागची जागा निवडली, आणि चुंबकीय अंश नसलेले बांधकाम साहित्य पारखून तिथे नवी वेधशाळा उभारली. १९०४ मध्ये ती सुरू झाली. (अलिबाग हे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. मुंबईचे कुलाबा आणि कुलाबा जिल्हा, म्हणजे आजचा रायगड, यांत गल्लत करू नका.)

मूस यांची खरी दूरदृष्टी पुढे दिसते. त्यांनी जुनी वेधशाळा लगेच बंद केली नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्ही ठिकाणच्या आकड्यांतला फरक कळला, त्यामुळे जुनी आणि नवी मालिका जोडता आली. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आजपर्यंत इतकी लांब सलग चुंबकीय नोंद असलेली ठिकाणे जगात थोडीच आहेत.

पुढचे मोठे वादळ मे १९२१ चे. स्वीडनमधील कार्लस्टाड येथील टेलिफोन एक्स्चेंजला त्या वादळात आग लागली. न्यूयॉर्क परिसरातील रेल्वेची तारयंत्रणाही बंद पडली. आता तारांना टेलिफोन व रेल्वेचे सिग्नल जोडले गेले होते, म्हणून फटका तिथे बसला.

५. केल्व्हिन यांचा हिशोब

दरम्यान, मूळ प्रश्न सुटलेला नव्हता. १८९२ मध्ये रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड केल्व्हिन यांनी हिशोब मांडला. सूर्य चुंबकीय लहरी पाठवून पृथ्वीवर वादळ घडवत असेल, तर आठ तासांच्या एका मध्यम वादळासाठी त्याला चार महिन्यांच्या एकूण प्रकाश व उष्णतेइतकी ऊर्जा खर्च करावी लागेल. हे अशक्य, म्हणून सौरडाग आणि वादळे यांचा संबंध हा केवळ योगायोग, असा त्यांचा निष्कर्ष होता.

गणित बरोबर होते. गृहीतक चुकले होते. ऊर्जा सर्व दिशांना लहरींच्या रूपाने पसरते असे त्यांनी धरले. प्रत्यक्षात ती एका दिशेने येणाऱ्या द्रव्याच्या ढगातून येते. एडवर्ड माँडर यांनी १९०४ मध्ये दाखवले, की काही वादळे सुमारे २७ दिवसांनी पुन्हा येतात. पृथ्वीवरून पाहिले असता सूर्याची एक फेरी तेवढ्याच दिवसांत पूर्ण होते. म्हणजे सूर्याच्या ठरावीक भागातून काहीतरी झोतासारखे बाहेर पडत असले पाहिजे. १९०८ मध्ये जॉर्ज हेल यांनी सौरडागांत चुंबकीय क्षेत्र असल्याचे सिद्ध केले.

१९५८ मध्ये युजीन पार्कर यांनी सूर्यातून सतत कणांचा वारा वाहत असला पाहिजे असा सिद्धांत मांडला. त्यांचा लेख दोन परीक्षकांनी नाकारला होता. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही ही कल्पना पटलेली नव्हती, पण गणितात चूक सापडली नाही म्हणून त्यांनी लेख छापला. १९६२ मध्ये मरिनर २ या यानाने शुक्राकडे जाताना सौरवारा प्रत्यक्ष मोजला. १९७० च्या दशकात अवकाशातील दुर्बिणींनी सीएमई पाहिले, आणि कॅरिंग्टन यांच्या पांढऱ्या प्रकाशापासून तारबाबूंच्या धक्क्यापर्यंतची साखळी पूर्ण झाली.

६. क्युबेक : नव्वद सेकंद

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. वादळात जमिनीवरचे चुंबकीय क्षेत्र काही मिनिटांत बदलते. बदलते क्षेत्र जमिनीत विद्युत क्षेत्र निर्माण करते. त्याची तीव्रता मोठ्या वादळात किलोमीटरला एक ते काही व्होल्ट असू शकते. खोलीच्या लांबीवर हे नगण्य. पण समजा, किलोमीटरला २ व्होल्ट आणि पारेषण वाहिनी १,००० किलोमीटर लांब. तर दोन टोकांत २,००० व्होल्ट. तारा, ट्रान्सफॉर्मरची वेटोळी व अर्थिंग मिळून मंडलाचा रोध १० ओहम धरला, तर प्रवाह २०० अँपिअर.

हा प्रवाह स्टार जोडणीच्या, न्यूट्रल जमिनीशी जोडलेल्या ट्रान्सफॉर्मरमधून आत शिरतो आणि दुसऱ्या टोकाच्या न्यूट्रलमधून बाहेर पडतो. ५० किंवा ६० हर्ट्झच्या तुलनेत तो इतका सावकाश बदलतो, की ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने तो एकदिशच. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा चुंबकन प्रवाह पूर्णभार प्रवाहाच्या एक टक्क्याहूनही कमी असतो, म्हणून काही दहा अँपिअर एकदिश प्रवाहसुद्धा गाभ्याला एका बाजूला ढकलायला पुरतो. प्रत्येक आवर्तनाच्या एका अर्ध्या भागात गाभा संपृक्त होतो. परिणाम तीन : चुंबकन प्रवाहाचे टोकदार स्पंद आणि त्यातून हार्मोनिक, रिॲक्टिव्ह शक्तीची मागणी एकदम वाढणे, आणि गाभ्याबाहेर पडलेल्या फ्लक्समुळे टाकी व क्लॅम्प तापणे.

१३ मार्च १९८९ च्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास क्युबेक प्रांतात नेमके हेच झाले. जेम्स बेच्या जलविद्युत केंद्रांतून दक्षिणेकडच्या शहरांना सुमारे हजार किलोमीटरवरून ७३५ किलोव्होल्टने वीज येते. खाली कॅनडाचा प्राचीन खडक. तो विजेचा वाईट वाहक, म्हणून जमिनीतले विद्युत क्षेत्र जास्त. ट्रान्सफॉर्मर संपृक्त झाले. व्होल्टेज सांभाळण्यासाठी बसवलेले सात स्थिर व्हार कॉम्पेन्सेटर हार्मोनिकमुळे संरक्षण रिलेंनी एकापाठोपाठ बंद केले. रिलेंनी आपापले काम चोख केले होते, पण जिथे आधाराची सर्वाधिक गरज होती तिथला आधारच गेला. सुमारे नव्वद सेकंदांत संपूर्ण ग्रिड कोसळले. सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात, कडाक्याच्या थंडीत राहिले. त्याच वादळात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या सेलम अणुवीज केंद्राचा एक मोठा ट्रान्सफॉर्मर तापून निकामी झाला.

क्युबेकने नंतर रिलेंची सेटिंग बदलली आणि लांब वाहिन्यांत सिरीज कपॅसिटर बसवले. कपॅसिटर एकदिश प्रवाह अडवतो, हे आपण पहिल्याच वर्षाला शिकतो. उपाय सोपा होता. तो सुचायला ग्रिड कोसळावे लागले.

७. अवकाशयाने

तारांनंतर माणसाने वर नव्या वस्तू पाठवल्या. त्यांना वादळ तीन प्रकारे गाठते.

पहिला प्रकार हवेच्या ओढीचा. वादळात व सौरचक्राच्या शिखराकाळी वरचे वातावरण तापून फुगते आणि खालच्या कक्षेतील यानांवर घर्षण वाढते. स्कायलॅब ही अमेरिकी प्रयोगशाळा यामुळे अपेक्षेहून लवकर, ११ जुलै १९७९ रोजी, खाली आली. ती कुठे पडणार या भीतीने भारतातही केवढी घबराट उडाली होती, हे घरातल्या ज्येष्ठांना विचारा. तुकडे पडले ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका फार मोठ्या नसलेल्या वादळाने स्टारलिंकच्या नव्याने सोडलेल्या ४९ उपग्रहांपैकी बहुतेक खाली आणले, कारण ते सुमारे २१० किलोमीटरवरच्या तात्पुरत्या कक्षेत होते.

दुसरा प्रकार विद्युतभाराचा. वेगवान इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या आत शिरून विद्युतरोधकांत साठतात आणि एक दिवस ठिणगी पडते. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाचे ॲनिक ई-१ आणि ई-२ हे दूरसंचार उपग्रह असेच भरकटले.

तिसरा प्रकार प्रोटॉनांच्या माऱ्याचा. ऑक्टोबर २००३ च्या वादळमालिकेत अनेक उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर परिणाम झाला आणि मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स ओडिसीवरचे प्रारण मोजणारे उपकरणच निकामी झाले. ऑगस्ट १९७२ मधला असा मारा अपोलो १६ आणि अपोलो १७ या दोन मोहिमांच्या मधल्या काळात झाला, हे सुदैव. त्याच वादळात उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्याजवळ पेरलेले चुंबकीय सुरुंग आपोआप फुटले, कारण क्षेत्रातील बदल त्यांना जहाजासारखा वाटला.

८. हानलेचे लाल आकाश

१०–११ मे २०२४ च्या रात्री २००३ नंतरचे पहिले सर्वोच्च श्रेणीचे वादळ आले. लडाखमधील हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर लाल आभा टिपली.

लालच का? अरोरात हिरवा आणि लाल असे दोन्ही प्रकाश मुख्यतः ऑक्सिजनचे. हिरवा, ५५७.७ नॅनोमीटरचा, शंभर ते दीडशे किलोमीटर उंचीवर निघतो. लाल, ६३० नॅनोमीटरचा, ज्या ऊर्जापातळीतून येतो तिथे अणूला सुमारे दोन मिनिटे थांबावे लागते. दाट हवेत तेवढ्यात दुसऱ्या अणूशी टक्कर होते आणि प्रकाश निघतच नाही. म्हणून लाल प्रकाश दोनशे किलोमीटरच्या वरच्या विरळ हवेतच दिसतो. हानले अरोराच्या पट्ट्यापासून दूर असल्याने पृथ्वीच्या वक्रतेमुळे खालचा हिरवा पडदा झाकला जातो आणि फक्त वरची लाल कड दिसते. १८७२ ची मुंबईची बातमी वाचताना हे ध्यानात ठेवा.

त्या रात्री कुठलेही मोठे ग्रिड कोसळले नाही. इशारे आधी मिळाले होते आणि ग्रिडचालक सावध होते. फटका बसला तो नव्या वस्तूला : अमेरिकेत पेरणीच्या हंगामात जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर अचूकता गमावून थांबले.

९. आपल्यासाठी काय?

भारत चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, म्हणून क्युबेकइतका धोका आपल्याला नाही. पण "धोका नाही" असे म्हणणे चूक ठरेल. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचे ग्रिड उर्वरित देशाशी समकालिक जोडले गेले आणि देशभर एक ग्रिड झाले; ७६५ किलोव्होल्टच्या लांब वाहिन्या वाढत आहेत. विषुववृत्तीय प्रदेशाच्या वरचे आयनांबर उपग्रह-दिशादर्शनासाठी मुळातच अवघड आहे. शिवाय कुलाब्याची वहीच सांगते, की १९ अंशांवरही क्षेत्र १,६०० नॅनोटेस्लाने घसरू शकते. २३ जुलै २०१२ रोजी असाच एक अतिवेगवान सीएमई सूर्यातून निघाला होता. तो पृथ्वीच्या दिशेने नव्हता, एवढेच.

२ सप्टेंबर २०२३ रोजी, कॅरिंग्टन वादळाच्याच तारखेला, भारताचे आदित्य-एल१ यान निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावले. हा बिंदू पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर आहे. सीएमई निघाल्याचे आधी कळते, पण त्यातील क्षेत्र दक्षिणेकडे आहे की उत्तरेकडे, हे तो एल१ ओलांडतानाच खात्रीने मोजता येते. सेकंदाला ५०० किलोमीटर वेग असेल तर पन्नास मिनिटे हाती राहतात. २,००० असेल तर साडेबारा. एवढ्या वेळात नियंत्रण कक्षातल्या अभियंत्याने काय करायचे, हे आधीच ठरलेले असावे लागते. तो अभियंता कदाचित तुमच्यापैकी कोणी असेल.

सारांश

सौरवादळांचा इतिहास हा बऱ्याच अंशी आपण उभारलेल्या यंत्रणांचा इतिहास आहे : तारायंत्र, टेलिफोन, ग्रिड, उपग्रह. यंत्रणा जितकी लांब आणि एकमेकींत गुंतलेली, तितकी ती सूर्याला जास्त उघडी. आणि नवी यंत्रणा उभारताना तिने किती सोसावे हे ठरवण्यासाठी जुने आकडे लागतात. ते आकडे कोणीतरी, त्यांचा उपयोग काय हे ठाऊक नसताना, जसे दिसले तसे लिहून ठेवलेले असतात.

स्वाध्याय

१. वाहिनी ४०० किलोमीटर, जमिनीतील विद्युत क्षेत्र किलोमीटरला १.५ व्होल्ट आणि मंडलाचा एकूण रोध ६ ओहम असल्यास एकदिश प्रवाह किती?

२. डेल्टा जोडणीच्या वेटोळ्यात हा प्रवाह बाहेरून का शिरू शकत नाही?

३. केल्व्हिन यांच्या युक्तिवादातील चुकीचे गृहीतक आपल्या शब्दांत लिहा. गणित बरोबर असूनही निष्कर्ष चुकल्याचे दुसरे एखादे उदाहरण तुमच्या विषयातून द्या.

४. मूस यांनी दोन्ही वेधशाळा दोन वर्षे एकत्र चालवल्या नसत्या, तर १८५९ च्या नोंदीची आजच्या नोंदींशी तुलना करताना कोणती अडचण आली असती?

५. तुमच्या प्रयोगवहीतील, रेषेपासून दूर पडलेले एखादे वाचन शोधा. ते खोडण्याऐवजी त्याची कारणे लिहा.